साठ दिवस कुणाचे?
बायकांवरच्या अत्याचारांवरचा एक लेख वाचला. लेखकाचं म्हणणं की शिक्षा वाढवल्या की हे अत्याचार कमी होतील. पटलं नाही. शिक्षेपर्यंत पोचतंय कोण?

आमच्या सोलापुरात पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. मजुरी दर हजार विड्यांमागे. ज्या दिवशी तारखेला कोर्टात गेली, त्या दिवशीची मजुरी बुडाली. माझी मावशी त्यातलीच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लिहिलंय की पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत लावायची आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा. मावशीला पहिला आदेश मिळायला दीड वर्ष लागलं. तोवर ती राहिली कुठे? मारणाऱ्याच्याच घरात. खरं तर त्याच कायद्याच्या कलम १७ ने तिला त्या घरात राहायचा हक्क दिलाय, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी. पण हे तिला वकिलाने नाही, शेजारच्या अंगणवाडीताईंनी सांगितलं!

आणि समाजाचं काय? नवऱ्याकडून, सासरकडून होणाऱ्या छळाविरुद्धचं दंड संहितेचं कलम ४९८अ १९८३ मध्ये आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ झालंय. आकडा बदलला, पण चौकीत अजून पहिला प्रश्न तोच, "घरातलं घरात मिटवा की, मावशी." जातीतली चार वडीलधारी माणसं बसून समजूत घालतात, तीही तिचीच. नवऱ्याला कुणी काही बोलत नाही, तो बाहेर टपरीवर चहा पीत असतो.

शिक्षा वाढवा हो, माझी ना नाही. आधी तालुक्याला पुरेसे संरक्षण अधिकारी, म्हणजे त्या २००५ च्या कायद्याखाली अशा बाईला मदत करणारे अधिकारी, तरी नेमा.