हेज केलेल्या खात्यालाही मार्जिन कॉल येतो

‘हेज ऑर्डर टाकली की तोटा जागच्या जागी थांबतो आणि मग निवांत विचार करता येतो’ हे फॉरेक्समधल्या (चलनांच्या सौद्यांमधल्या) हेजवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. इथे हेज म्हणजे उघड्या सौद्याचा तोटा रोखायला तेवढाच उलट बाजूचा सौदा टाकणं. एकाच चलनजोडीत एक लॉट (सौद्याचं ठरलेलं माप) खरेदी आणि एक लॉट विक्री उघडी असेल तर निव्वळ पोझिशन शून्य, म्हणजे सौदा बंद केल्यासारखीच. वर दुसऱ्या सौद्याचा स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक) भरायचा, आणि रात्रभर ठेवलं तर दोन्ही बाजूंच्या स्वॅपचा (सौदा रात्रभर ठेवल्याबद्दल लागणाऱ्या किंवा मिळणाऱ्या व्याजाचा) हिशेब बहुधा आपल्या विरोधातच जातो. शिवाय खरेदीचं मूल्य बिडवर (आपल्याला विकताना मिळणाऱ्या भावावर) मोजतात, विक्रीचं आस्कवर (विकत घेताना द्याव्या लागणाऱ्या भावावर). मोठी बातमी येऊन स्प्रेड फाकला की एकूण तोटा वाढतो, भाव कुठेही न जाता! मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवलेली तारण रक्कम, काठावर असेल तर पूर्ण हेज केलेलं खातंही मार्जिन कॉलमध्ये (‘आणखी पैसे भरा, नाहीतर सौदे बंद होतील’ या इशाऱ्यात) सापडतं. नवख्यांसाठीच्या लेखात हे यायलाच हवं होतं.

आणि खरी अडचण हेज सोडवताना येते. आधी कुठली बाजू बंद करायची? ती केल्याक्षणी आपण पुन्हा उघड्यावर, आणि मी पाहिलंय, तिथे माणूस नफ्यातली बाजू आधी कापतो. अमेरिकेत नॅशनल फ्युचर्स असोसिएशन या स्वयंनियामक संस्थेने २००९ मध्येच किरकोळ फॉरेक्स खात्यांत अशा परस्परविरोधी पोझिशन ठेवायला मनाई केली. हातातल्या शेअरवर पुट (तो ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क) घेणं मात्र मी खरा हेज मानतो: प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, आधीच कळतो, एक्स्पायरीपर्यंत (त्याची मुदत संपेपर्यंत) तोट्याला मर्यादा राहते आणि वरचा नफाही हातचा जात नाही.