कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींची नखं

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. घरातल्या माणसाला केअर सेंटरमध्ये ठेवायचंय, पण ते चांगलं आहे की नाही हे ओळखायचं कसं? प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे लिहिते. पोस्ट लांबणार आहे. मी नर्स नाही, डॉक्टरही नाही. आईला दोन वेगवेगळ्या केंद्रांत ठेवलेली मुलगी आहे, आणि पहिल्या वेळी साफ फसलेली.

फसले, कारण मी इमारत पाहिली. लख्ख फरशी, स्वागतकक्षात ताजी फुलं, भिंतीवर प्रमाणपत्रं. नवव्या आठवड्यात आईचे कपडे बदलताना माकडहाडापाशी जखम दिसली. "कालच झालीय," म्हणाले. कडा काळ्या पडलेली जखम कालची कशी असेल?

ही जखम म्हणजे बेडसोर, एकाच जागी दाब पडून राहिल्याने होणारी. ती सुरू होते साध्या लालसर डागाने. बोटाने दाबून सोडलं की चांगली त्वचा क्षणभर फिकी पडते आणि पुन्हा रंगावर येते. डाग फिका न पडता तसाच राहिला, तर आत बिघडायला लागलंय. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का. टाचा, माकडहाड, खुबे. भेटायला गेल्यावर चादर बाजूला करून टाचा बघायची लाज वाटू देऊ नका. मला वाटली होती.

हा धोका आधी मोजता येतो. १९८७ पासून वापरात असलेलं 'ब्रेडन स्केल' आहे: हालचाल, ओलसरपणा, खाणं वगैरे सहा गोष्टींचे मिळून ६ ते २३ गुण, आणि १८ किंवा त्याहून कमी म्हणजे सांभाळा. "आईचा ब्रेडन स्कोअर किती, शेवटचा कधी काढला?" एवढंच विचारा. उत्तरापेक्षा समोरच्याचा चेहरा जास्त सांगतो.

आणि रजिस्टर. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या त्यात असतात. पहिल्या केंद्रात दुपारी दोन वाजता मी संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या झालेल्या पाहिल्या.

तरीही तिथल्या मावशींवर माझा राग नाही. हिशेब करून बघा. एका मावशीकडे बावीस खाटा. त्यातल्या दहाजणांची कूस दर दोन तासांनी बदलायची, एकेकाला दहा मिनिटं धरली तरी शंभर मिनिटं तिथेच गेली. उरलेल्या वीस मिनिटांत डायपर, पाणी, भरवणं, वाजणारी बेल. शिवाय जड माणसाला वळवायला दोघी लागतात, दुसरी होतीच कुठे? सही खोटी होती, पण ती खोटी करायची वेळ कोणी आणली? म्हणून "तुमच्याकडे एकूण स्टाफ किती?" हा प्रश्न बिनकामाचा. आज रात्री या मजल्यावर कोण आहे, कितीजणांसाठी आहे आणि ती इथे किती महिने टिकलीय, हे विचारायचं. सहा महिन्यांत सगळे चेहरे बदलत असतील, तर आईला कोणत्या कुशीवर झोप लागते हे कोणाला ठाऊक असणार?

अवेदिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी तपासायची मांडणी केली: साधनं काय आहेत, प्रत्यक्ष काय केलं जातं, आणि त्यातून माणसाचं काय झालं. आपण पहिल्यातच अडकतो, कारण तेच फिरून दाखवता येतं. पण तिसऱ्यातही गोम आहे, आणि ती कळायला मला फार वेळ लागला. पहिल्या केंद्रात अभिमानाने सांगायचे, "आमच्याकडे वर्षभरात कोणी पडलेलं नाही." ऐकायला किती छान! नंतर लक्षात आलं की पडायला माणूस आधी उठायला हवा. दुपारभर खुर्चीला पट्ट्याने बांधलेला किंवा औषधाने गुंगीत ठेवलेला माणूस पडणार कसा? उलट जिथे लोकांना हाताला धरून चालवतात तिथे अधूनमधून कोणी पडतंच, आणि जिथे त्वचा रोज बघतात तिथे लाल डागांच्या नोंदी जास्त सापडतात. निव्वळ आकड्यावर गेलं तर चांगलं केंद्र वाईट ठरेल. अमेरिकेत २००८ पासून सरकार अशा केंद्रांना एक ते पाच तारे देतं, पण त्यातलीही बरीचशी माहिती केंद्रं स्वतःच भरून देतात. तारे बघावेत, पण तिथेच थांबू नये.

गुंगीचं थोडं सविस्तर. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस ओरडतं, रात्री फेऱ्या मारतं, मग त्याला 'शांत' करायला मनोविकारावरची औषधं दिली जातात. अशा वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिला आहे. कधीच देऊ नयेत असं मी म्हणत नाही, तो डॉक्टरांचा प्रश्न. पण आई अचानक दिवसभर झोपायला लागली तर गोळ्यांची यादी मागा, आणि कोणती नवी गोळी कधी, कशासाठी सुरू झाली ते विचारा. अचानक बरळायला लागली तर "वय झालं" हे उत्तर घेऊ नका. लघवीचा संसर्ग, कमी पाणी, तुंबलेलं पोट, यांतलं काहीही असू शकतं.

वजन दर महिन्याला लिहून घ्या. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट म्हणजे धोक्याची घंटा. पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो, साडीखाली कळतही नाहीत. वास, पडदे, टीव्ही, यावर मी वेळ घालवणार नाही, ते सगळ्यांनाच दिसतं. एवढंच सांगते की फिनेलचा उग्र वासही मला आता खटकतो.

भेटीची वेळ ठरवून जाऊ नका. रविवारी संध्याकाळी जा, जेवण भरवायच्या वेळी जा. आणि आपल्या माणसाकडे बघून झालं की ज्यांना भेटायला कोणीच येत नाही, त्यांच्याकडे बघा. मी रोज जायचे, भांडायचे, म्हणून आईचे केस विंचरलेले असायचे. ते माझ्या धाकाने. धाक नसताना काय होतं, ते शेजारच्या खाटेवर दिसायचं, आणि मी कितीतरी दिवस तिकडे पाहिलंच नाही.

दुसरं केंद्र जुनाट होतं. भिंतीला ओल, लिफ्टचा आवाज. व्यवस्थापक खोल्या दाखवत होते तेव्हा मी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींपाशी थांबले. बोलत नव्हत्या, चार वर्षांत कोणी आलेलं नाही म्हणाले. मी त्यांचा हात हातात घेतला. नखं कापलेली होती, तळवा कोरडा होता. चष्मा मात्र धुळकट. मी तसं म्हटल्यावर तिथल्या सिस्टर खाली वाकल्या, "आजी, चष्मा घेऊ का?" विचारलं, आजींनी मान हलवेपर्यंत थांबल्या, मग काढून पुसला आणि परत लावला.

आई तिथे चौदा महिने होती.