हळदीच्या काढ्याने सीआरपी उतरला?

‘तीन दिवस हळदीचा काढा, सीआरपी ४८ वरून ६!’ असा मेसेज फिरतोय. आकडे खरे असतीलही, पण त्यांचं श्रेय काढ्याला देता येत नाही. सीआरपी म्हणजे अंगात संसर्ग किंवा दाह (सूज) असला की रक्तात वाढणारं प्रथिन; ते यकृतात तयार होतं. संसर्ग आटोक्यात आला की रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दर १९ तासांनी निम्मं होतं. करा हिशोब! ईएसआर, म्हणजे दाह दाखवणारी दुसरी रक्तचाचणी, मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, आणि अंगात रक्त कमी असलं तरी वाढलेला दिसतो. दोन लॅबचे रिपोर्ट ताडताना एककही बघा: मिलिग्रॅम प्रति लिटरमधले ४८ प्रति डेसिलिटरमध्ये ४.८ होतात, काढा न पिताच. सीआरपी कायम चढलेला असेल तर पोटाचा घेर, तंबाखू, सुजलेल्या हिरड्या तपासा. हळद खुशाल घ्या, चालू गोळ्या सोडू नका.