गुडघा जोर लावून वाकवायचा का? एका दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया चिडून लिहिलीय पण कळकळीनं लिहिलीय, म्हणून दोन ओळीत उरकत नाही. तुमचं म्हणणं असं की गुडघा बदलायच्या ऑपरेशननंतर (नी रिप्लेसमेंट) घरी करायच्या व्यायामाबद्दल मी "झेपेल तेवढंच करा" लिहून लोकांना आळशी बनवतेय, तुम्ही दोघा भावांनी ऑपरेशननंतर अण्णांचा पाय धरून रोज जोर लावून वाकवला म्हणून ते आज चालतायत, आणि घरच्या घरी व्यायाम सांगणं म्हणजे फिजिओकडं जाऊ नका असं सांगणं.

बाकी नंतर, आधी हे. तुम्ही जाता जाता लिहिलंय की अण्णांची पोटरी सुजून दुखते म्हणून तेल लावून चोळतो. ते चोळणं आजच बंद करा आणि आजच डॉक्टरला दाखवा. ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. नसेलही तसं काही, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. दम लागला, छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सीत न्या.

आता जोराचं. जबरदस्तीनं वाकवला की गुडघा सुजतो, आणि सुजलेल्या गुडघ्यात मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळतच नाही, म्हणजे ज्याच्या जिवावर खुर्चीतून उठायचं, पायरी चढायची तोच संपावर. हलका व्यायाम म्हणजे कमी व्यायाम नव्हे हो, थोडा थोडा पण दिवसातून तीन-चारदा करायचा, टीव्हीवर सिरियल चालू असली तरी पाऊल खालीवर करायचंच. माझं रिप्लेसमेंट झालं तेव्हा मलाही ताण बसायचा, डोळ्यात पाणी यायचं. ताण चालतो. व्यायामानंतरचं दुखणं थोड्या वेळात उतरलं तर ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आणखी सुजलेला न गरम लागला तर कालचं जास्त झालं, आज थोडं कमी करा, पण बंद नका करू.

आणि सगळ्यांचा जीव वाकवण्यातच अडकलेला, सरळ करण्याचं कुणी बोलतच नाही! आपल्याकडं तर भेटायला येणारी प्रत्येक मावशी मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवते. तिथंच घात होतो, गुडघा थोडा वाकलेलाच आखडतो आणि माणूस कायम लंगडत चालतो. उशी नको, टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, गुडघा खाली दाबा, मांडी आवळा, पाच मोजा, सोडा. वाकवायला पलंगावर पायात मोजा घालून टाच हळूहळू ढुंगणाकडं सरकवायची, नाहीतर खुर्चीत बसून चांगल्या पायानं दुसऱ्याला मागं रेटायचं. जोर स्वतःचा असला की कुठं थांबायचं ते कळतं, भावाच्या हाताला ते कसं कळणार?

फिजिओचं म्हणाल तर जाऊ नका असं मी कुठंच लिहिलं नाही. पण जिंतूरच्या पलीकडल्या खेड्यातल्या म्हातारीनं वॉकर घेऊन रोज एसटीनं परभणीला जायचं म्हणता, ते कुणाला जमणार सांगा? सुरुवातीला जाऊन नीट शिकून घ्या, सोबत मोबाईलवाला नातू न्या, तो व्हिडिओ काढील, मग घरी करा आणि मधून मधून दाखवत राहा. तुमची एक गोष्ट मात्र मला शंभर टक्के पटते, की ढिलाई महागात पडते. ऑपरेशनला सहा आठवडे होत आले तरी गुडघा ९० अंशाच्या आसपास येत नसेल तर घरी बसून राहू नका, सर्जनला गाठा, कारण कधी कधी भूल देऊन वाकवावा लागतो आणि ते फार उशीर करून चालत नाही.

राहिलं मांडी घालून बसायचं. अण्णांना पंगतीला खाली बसवायचंच हा हट्ट सोडा. कुणाला खाली बसता येईल न कुणाला नाही ते सर्जनच सांगतील, बऱ्याच जणांना ते नकोच म्हणतात. आमच्याकडं महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी खुर्ची-टेबलावर बसते, पुरणपोळी तेवढीच खाते.