आर्देशहून, बंदीच्या बाजूनं

दर पावसाळ्यात आमच्या जुन्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच भांडण होतं. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो: अमुक धबधबा बंद, तमुक गडावर जायला मनाई, अंधार पडायच्या आत खाली या. लगेच सगळे पेटतात. 'आमच्याच गडावर जायला आम्हाला परवानगी?' 'मावळ्यांना कुणी पास दिले होते?' यंदा त्यात एकानं भर घातली. फ्रान्समधल्या कुठल्याशा दरीतून रंगीबेरंगी नावा चालल्याचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'याला म्हणतात पर्यटन. ना पोलीस, ना बंदी. शिका काहीतरी.'

कुठलीशी दरी नाही ती. आर्देश नदीची. माझ्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर. व्हिडिओत नावा ज्या कमानीखालून जातात ती पाँ दार्क, नदीनं चुनखडीचा कडा पोखरून केलेली, ५४ मीटर उंच. पाहुणे आले की पहिल्याच दिवशी त्यांना तिथे न्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज.

तर, 'ना बंदी'. वालाँपासून सें-मार्तांपर्यंतच्या ३२ किलोमीटरच्या त्या दरीइतकी नियमांनी करकचून बांधलेली जागा मी अख्ख्या सह्याद्रीत पाहिलेली नाही. १९८० पासून ती राखीव आहे. मुक्काम करायचा तर गो आणि गूर्निए या दोनच जागा, त्याही आधी नोंदणी करून, पैसे भरून. तिसरीकडे तंबू ठोकायचा नाही. सात वर्षांखालचं पोर नावेत चालत नाही, पोहता न येणारा बाप्याही चालत नाही. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की प्रीफेचा, म्हणजे इथल्या जिल्हाधिकाऱ्याचा, आदेश, आणि नावा काठावर पालथ्या. व्हिडिओत पोलीस दिसत नाही, कारण नावा भाड्यानं देणारा पोरगाच अर्धा पोलीस असतो. तो हुज्जत घालत नाही. 'आज नाही, उद्या सकाळी फोन करा,' एवढं सांगून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. लोकही 'बाँ', म्हणजे 'बरं', म्हणून बाजारात चेस्टनटचा जॅम घ्यायला जातात. कुणी त्याला आपल्या पूर्वजांचं नाव सांगत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, 'तिकडचं पाणी म्हणजे बाथटब. आपला पाऊस वेगळा.'

पाऊस! सप्टेंबर-ऑक्टोबरात भूमध्य समुद्रावरून ओला वारा येतो, सेवेनच्या डोंगरांवर आपटतो आणि महिना-दोन महिन्यांचा पाऊस एका दिवसात ओतून मोकळा होतो. या खोऱ्यात १८९० च्या सप्टेंबरातला पूर अजून सांगतात. लाबोमला बोम नदीवर एक जुना दगडी पूल आहे. त्याला कठडेच नाहीत. मुद्दाम ठेवलेले नाहीत, पूर वरून निघून जावा म्हणून. खांबांची तोंडं प्रवाहाच्या दिशेनं टोकदार काढलेली. उन्हाळ्यात त्यावर पोरं पाय सोडून बसतात, पलीकडच्या काठावरच्या दगडी बांधांच्या वाफ्यांकडे जायची पायवाटही त्यावरूनच आहे. आपल्याकडे त्याला फरशी पूल म्हणतील. पाणी चढायला लागलं की तो बंद, आणि पलीकडे जायचं असेल त्यानं लांबचा वळसा घ्यायचा. यात स्वातंत्र्याचा प्रश्न कुणाला दिसत नाही.

आता आपलं. जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं एकमेकांना घट्ट धरून उभी होती आणि वाहून गेली. तो व्हिडिओ मी इथे स्वयंपाकघरात उभ्यानं पाहिला. शेजारच्या मादाम तेव्हा कॉफीला आल्या होत्या, 'काय झालं' म्हणाल्या. मी फोन पालथा ठेवला आणि 'काही नाही' म्हटलं. पुढच्या जूनमध्ये कुंडमळ्याचा पूल माणसांसकट इंद्रायणीत कोसळला. तेव्हाही मी इथे कुणाला सांगितलं नाही. इथल्या लोकांनी आपल्याबद्दल काय म्हणावं याची मला एवढी का पडली आहे, ते विचारू नका.

बंदीला शिव्या घालणाऱ्यांना मार्सेयचंही सांगते. तिथल्या समुद्रकाठच्या कालाँकांमध्ये, म्हणजे चुनखडीच्या कड्यांमधल्या अरुंद खाड्यांमध्ये, सुजिताँ म्हणून एक खाडी आहे. पाणी असं निळं की फोटो खोटा वाटावा. गर्दीनं तिथली माती झिजली, पाइनची मुळं उघडी पडली. २०२२ पासून उन्हाळ्यात दिवसाला फक्त ४०० माणसं सोडतात. नोंदणी फुकट, पण नोंदणी नसेल तर परत. त्याशिवाय वणव्याच्या दिवसांत रंगांचा नकाशा निघतो. लाल असेल तर तो डोंगर आज बंद, तुम्ही पॅरिसहून आला असाल किंवा पुण्याहून.

आणि बंदीचा कळस म्हणजे शोवेची गुहा. डिसेंबर १९९४ मध्ये तिघांना पाँ दार्कजवळच्या कड्यात ती सापडली. सिंह, गेंडे, अस्वलं, ३६ हजार वर्षांमागची कोळशानं काढलेली चित्रं. आपल्याच पावलांवर पाऊल टाकत ते बाहेर आले, नंतर जमिनीवरच्या खुणा पुसू नयेत म्हणून प्लास्टिक अंथरून त्यावरून चालले. ती गुहा लोकांसाठी कधी उघडलीच नाही. एक दिवससुद्धा नाही. लास्को या फ्रान्समधल्याच दुसऱ्या चित्रगुहेचा धडा घेतला होता: तिथे माणसांच्या श्वासानं चित्रं बिघडायला लागली म्हणून १९६३ मध्ये दार लावावं लागलं. शोवेची प्रतिकृती २०१५ मध्ये शेजारच्या टेकडीवर उभी राहिली. तिकीट काढून लोक सिमेंट आणि राळेच्या भिंतींवरचे सिंह पाहतात आणि गहिवरतात. मीही गहिवरले, खोटं कशाला सांगू.

आपल्या अजिंठ्याची गोष्ट १८१९ ची. जॉन स्मिथ नावाचा गोरा शिकारीला आला, दहाव्या लेण्यात शिरला आणि खांबावर स्वतःचं नाव-तारीख कोरून गेला. तेव्हापासून आपल्याकडे नाव कोरायची जी परंपरा सुरू झाली ती प्रत्येक गडाच्या दरवाजावर वाचता येते. (हे मी ग्रुपवर टाकल्यावर 'म्हणजे सुरुवात युरोपियनानंच केली ना' असं उत्तर आलं. त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. शोवेच्या जमिनीच्या मालकांनी नुकसानभरपाईसाठी सरकारला वर्षानुवर्षं कोर्टात खेचलं, हेही मी तेव्हा सांगायचं टाळलं.)

माझं म्हणणं बंदीपुरतं नाहीच. दार बंद करणारा माणूस इतर दिवशी दार पुसतो की नाही, याचं आहे. इथे मला तो दिसतो. आमच्याकडे वाटा राखणारी सगळी निवृत्त मंडळी: पोस्टात होते ते, शाळेत शिकवायचे ते, गुडघा बदललेल्या एक बाई. सकाळी मेरीसमोर, म्हणजे गावच्या नगरपालिकेसमोर, जमतात. एकाकडे फांद्या छाटायची कात्री, एकाकडे तारेचा ब्रश, दोन डबे रंगाचे. खडकावरचं शेवाळ आधी तारेच्या ब्रशनं खरवडायचं, मग ओल्या कपड्यानं पुसायचं, सुकू द्यायचं. मग साचा धरून पांढरा पट्टा, त्याखाली लाल. बाई पट्ट्याच्या कडा इतक्या निगुतीनं ओढतात की संक्रांतीचं हळदीकुंकू आहे असं वाटावं. जिथे चुकीची वाट फुटते तिथे फुली. अशा लाल-पांढऱ्या, पिवळ्या खुणांच्या वाटा देशभर १ लाख ८० हजार किलोमीटरच्या वर आहेत, आणि १९४७ पासून हे रंगाचे डबे असेच फिरत आहेत. आपण ज्या वर्षी स्वतंत्र झालो त्या वर्षी ही माणसं वाटा रंगवायला लागली. साडेअकराला काम बंद, कारण बाराला अपेरो, जेवणाआधीचा पेला.

मीही जाते त्यांच्याबरोबर. मला ब्रश देतात, अजून साचा दिलेला नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल बाई स्वर्गात राहतात. तसं काही नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी इथे रविवारी रानात जायचं म्हणजे नारिंगी जाकीट घालून, आणि तरी जीव मुठीत. वाटेवर 'शिकार चालू' अशी पाटी, लांबून कुत्री, मग बार. मागच्या हिवाळ्यात एका वळणावर बंदूकवाल्या आजोबांनी मला हात करून थांबवलं. खुर्ची टाकून बसले होते, थर्मास पायाशी. 'दहा मिनिटं,' म्हणाले. तास झाला. सार्वजनिक वाट, नकाशातली वाट, जिचे पट्टे मी स्वतः घासले होते, आणि मला तिथे उभं केलं. तेव्हा माझ्याही तोंडात तेच वाक्य आलं होतं जे ग्रुपवर येतं. ते मी मराठीत पुटपुटले. संध्याकाळी माझ्या दाराच्या मुठीला प्लास्टिकची पिशवी अडकवलेली, आत रानडुकराचं मटण. त्याचा मी कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. आजोबांच्या बायकोला वाटीभर दिला, तिनं 'अंमळ तिखट' म्हणून वाटी धुऊन परत केली.

ग्रुपवरचा दुसरा वार मात्र वर्मी लागला. 'तुमच्या अख्ख्या जिल्ह्यात माणसं किती?' साडेतीन लाखांच्या आत. म्हणजे कोल्हापूर शहराहूनही कमी. एवढ्यांना शिस्त लावणं म्हणजे काय मोठं. पुन्हा इथल्या गावांचं पोट जुलै-ऑगस्टवर चालतं. त्या दोन महिन्यांत बुलांजरीसमोर, म्हणजे पावाच्या दुकानासमोर, रस्त्यापर्यंत रांग, आणि नोव्हेंबरात गावात दिवा शोधावा लागतो. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईतही तेच. शनिवार-रविवारच्या तंबूंवर आणि पिठलं-भाकरीवर घरं उभी राहिली. वरून बंदीचा कागद आला की पहिला फटका त्यांना, पुण्याच्या गिर्यारोहकाला नाही. हे मला माहीत आहे. वाद घालताना मी ते सांगत नाही, कारण माझा मुद्दा त्यानं लंगडा होतो.

मागे सुट्टीत आले तेव्हा पाचनईला गेले होते. ज्या घरात आम्ही कॉलेजात असताना ओसरीवर झोपायचो, त्या घरासमोर आता फ्लेक्स आहे, खाली मोबाइल नंबर. काउंटरवरच्या मुलानं माझे बूट पाहिले, पाठीवरची सॅक पाहिली आणि म्हणाला, 'मॅडम, गाइड चाहिये क्या?' मी मराठीत म्हटलं, मला वाट माहीत आहे. तो म्हणाला, 'वाट बदललीय ताई, रेलिंग टाकलंय.' बरोबर होतं त्याचं. ऑगस्टात वालाँच्या बाजारात तोच प्रकार उलटा होतो: चीजवाला माझ्याशी इंग्रजीत सुरू करतो, मी फ्रेंचमध्ये उत्तर देते, तरी तो इंग्रजी सोडत नाही. मार्चमध्ये तोच माणूस मला नावानं हाक मारतो. म्हणजे गर्दी नसते तेव्हा मी इथली. हरिश्चंद्रगडावर गर्दी नसते असा महिना आता राहिलेला नाही, म्हणून तिथे तपासून पाहायची सोय नाही.

कधी कधी वाटतं, मला बंदी हवी आहे ती कोकणकडा वाचावा म्हणून नाही. मी निघून गेले त्या दिवशी तो जसा होता तसा कुणीतरी कुलूप लावून ठेवावा, आणि किल्ली मला पोस्टानं पाठवावी. असं कारण जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात लिहिता येत नाही.

तरीही मी मागे हटलेले नाही. ग्रुपवर शेवटी लिहिलं: बंदी उठवा म्हणून ओरडण्याऐवजी आदेशाखाली सही करणाऱ्याला विचारा, वाटेवर खुणा कोण करणार, कचरा कोण उतरवणार, पाणी वाढलं हे खालच्या गावाला कोण सांगणार, आणि बंदीच्या दिवसांत पाचनईच्या चुली कशावर पेटणार. यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तो व्हिडिओवाला आला. सांगायचं राहिलं: तो दुर्गसंवर्धनवाला आहे. महिन्यातले दोन रविवार घमेली घेऊन कुठल्या ना कुठल्या गडावरची टाकी उपसत असतो, कंबर गेली आहे त्याची त्यात. त्यानं लिहिलं, 'सगळं पटलं. तू कधी येतेस? तुला साचापण देऊ.'

मी हसणारा चेहरा पाठवला. तारीख पाठवली नाही.