चातुर्मासातली चेतक

गोव्याच्या किनारपट्टीवर जुनी स्कूटर नव्याने उभी करायची म्हणजे एका अदृश्य कारागिराशी स्पर्धा लावून घ्यायची. आपण पुढून गंज खरवडत जातो आणि तो मागून गंज चढवत येतो. त्याला मजुरी लागत नाही, तो चतुर्थीची सुट्टी घेत नाही आणि ‘फाल्यां यो’, म्हणजे उद्या ये, असे सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही. आमच्या मांद्रे गावात समुद्राचा वारा खिडकीचे गज, कुलपे आणि शिलाईयंत्राच्या सुया यांच्यात भेदभाव करत नाही, आणि गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो; तेव्हा या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

चेतक मला मामेसासऱ्यांकडून मिळाली. बजाजचा इटलीतल्या पियाजिओशी असलेला परवाना-करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक बाजारात आली. ‘बाजारात आली’ हे म्हणायचे इतकेच, कारण पैसे भरून नंबर लावलेली माणसे पुढे वर्षानुवर्षे वाट पाहत बसत. परकी चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र ती लवकर मिळत असे, आणि आमच्या भागात प्रत्येकाचे कोणी ना कोणी बोटीवर नाही तर आखातात असतेच. मामेसासऱ्यांचे धाकटे बंधू तारवटी होते, त्यामुळे गावातले शिक्षक आणि तलाठी हात चोळत असताना हिच्यावर बसून मामा देवळात जात. गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश असतानाचा, ‘जीडी’ने सुरू होणारा तिचा नंबर अजून पुढच्या मडगार्डवर हाताने रंगवलेला आहे. एवढ्या परंपरेची वस्तू हवाली करताना मामांना गहिवरून येईल या अपेक्षेने मी खिशात स्वच्छ रुमाल ठेवला होता. ते म्हणाले, “जावईबापू, घेऊन जा. गोठा तरी मोकळा होईल.”

चेतकच्या घराण्यात वेगळा सांगाडा नसतो. दाबून आकार दिलेला पत्रा हेच तिचे अंग आणि तोच तिचा कणा. ज्या व्हेस्पापासून हा वंश सुरू झाला, ती १९४६ साली बाजारात आणणाऱ्या पियाजिओने तिचा आराखडा कोराडिनो दास्कानिओ या वैमानिकी अभियंत्याकडून करून घेतला होता आणि या गृहस्थांना मोटारसायकली मुळीच आवडत नसत. विमानविद्येतली ही युक्ती मोठी देखणी आहे, यात वाद नाही. फक्त विमान गोठ्यात ठेवत नाहीत. फूटबोर्डवरची रबरी मॅट उचलली तेव्हा तिच्याखाली पत्र्याऐवजी थेट जमीन दिसली. इतकी वर्षे मामांचे पाय त्या मॅटनेच सांभाळले होते. डेंटिंगच्या मेस्तांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाजूच्या भागावर हलकेच टकटक केली आणि मूठ सरळ आत गेली. “हांगा पत्रो ना, फकत रंग आसा,” असे त्यांनी इतक्या थंडपणे सांगितले की मला उगाचच रंगाबद्दल आदर वाटू लागला.

जुना पत्रा कापणे, नवा वेल्ड करणे, रेड ऑक्साइड मारणे आणि लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासणे यांचे वर्णन करत नाही. ज्याने केले आहे त्याला ते नकोसे होईल आणि ज्याने केले नाही त्याचा विश्वास बसणार नाही. मात्र रंगाविषयी सांगितले पाहिजे. दमट हवेत फवारलेला रंग सुकताना त्यावर पांढरट झाक येते, म्हणून पावसाळ्यात स्कूटर रंगवू नये हे प्रत्येक रंगाऱ्याला ठाऊक असते. परंतु कोरड्या हवेत, म्हणजे नोव्हेंबर ते मे, तो पर्यटकांना भाड्याने देण्याच्या गाड्यांचे ओरखडे बुजवण्यात गुंतलेला असतो आणि आषाढ लागला की एकदम मोकळा होतो. त्यामुळे आमच्या चेतकला आकाशी रंग लागला तो बाहेर धो धो पाऊस आणि आत दोन हॅलोजनचे दिवे अशा थाटात. त्याच्यावरची झाक ही मुद्दाम मागवलेली मोतिया छटा आहे असे मी सध्या सांगत असतो.

पेट्रोलची टाकी साफ करण्याची रूढ पद्धत अशी, की तिच्यात मूठभर लहान नट आणि थोडे डिझेल घालून तोंड घट्ट बांधायचे आणि ती गदागदा हलवायची. हा प्रकार ओसरीवर सुरू होताच शेजारचे भाटकार काका खुर्ची घेऊन येऊन बसले आणि ताल चुकतो आहे असे सांगू लागले. ते भजनी मंडळात पखवाज वाजवतात. शेवटी टाकीतून काळपट तांबडे पाणी बाहेर आले, त्यामागून नट आले आणि नटांमागून एक मेलेले झुरळ आले, ज्याचे तिथे जाण्याचे प्रयोजन कोणालाही सांगता आले नाही. टाकी लखलखीत झाली. त्यानंतर तिच्यात पडले ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला फुगवते. आमच्या हवेत तर ओढून घेण्यासाठी त्याला लांब जावेही लागत नाही. म्हणजे आमच्या अदृश्य कारागिराला आता टाकीच्या आत बसूनही काम करण्याची सोय झाली.

इंजिनाबद्दल मात्र मी तक्रार करणार नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५७ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५७ मिलिमीटर आणि घनक्षमता १४५.४५ सीसी, असा हा सरळ स्वभावाचा टू-स्ट्रोक आहे. बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन घातला, प्लग नवा लावला, वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोच्या चाकातल्या खिडकीतून ठिणगी जुळवणारे पॉइंट घासून त्यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवली, आणि मेस्तांनी गाडी एका अंगावर आडवी करून पुन्हा उभी केली. हा शेवटचा विधी कोणत्याही पुस्तकात नसावा, पण तो केल्याशिवाय किक मारणारा माणूस मी पाहिलेला नाही. गाडी सुरू झाली आणि ओसरी, अंगण, तुळशीवृंदावन व भाटकार काका निळ्या धुरात दिसेनासे झाले. धुरातून त्यांचा आवाज आला, “डास तरी जातील.”

या धुराचे कारण म्हणजे टू-स्ट्रोकचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. प्रमाण २ टक्के, म्हणजे ५ लिटरला १०० मिलिलिटर. एके काळी पंपावर त्यासाठी वेगळे यंत्र असे. आता मी खिशातून ऑइलची बाटली काढून टाकीत ओतू लागलो की पंपावरचा मुलगा धावत येतो आणि “अंकल, ऑइल टाकीत घालायचे नसते,” असे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावतो. त्याचे वय पाहता त्याने टू-स्ट्रोक पाहिलेला नसणार, म्हणून मी वाद घालत नाही. मागचे मोटारवाले मात्र घालतात. आणखी एक गंमत म्हणजे हेडलाइटची वीज थेट मॅग्नेटोतून येत असल्यामुळे वेग वाढवला की उजेड वाढतो आणि खड्डा पाहून वेग कमी केला की खड्डाच दिसेनासा होतो. रात्री आमच्या रस्त्यांवर जायचे झाल्यास माणसाने एक तर भरधाव जावे, नाही तर पाठांतरावर जावे.

परवा तिच्यावरून सौभाग्यवतींसह म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघालो. चोपडे ओलांडून शिवोलीच्या पुलावर मध्यभागी पोचलो आणि गाडीने दोन उचक्या देऊन प्राण सोडला. मी प्लग काढला. त्याच्या दोन टोकांच्या मध्ये मोहरीहूनही बारीक असा कार्बनचा मणी अडकला होता आणि एवढ्याशा मण्याने दोन माणसे, तीन पिशव्या आणि १४५.४५ सीसी जागच्या जागी थांबवले होते. सौभाग्यवतींनी केसातली पिन दिली. मी तो मणी काढू लागलो. तेवढ्यात येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी ज्यांच्या वडिलांकडे, काकांकडे किंवा मास्तरांकडे कधी काळी चेतक होती ते सगळे थांबले. एकाने गाडी आडवी केली, दुसऱ्याने पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला, तिसऱ्याने तो परत होता तिथे आणला, आणि शापोरा नदीवरचा खारा वारा नव्या रंगाच्या कडांवरून आपले काम शांतपणे करत राहिला.

प्लग बसवून मी किक मारली, गाडी सुरू झाली, मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या गर्दीत काळ्या पाटीवर पिवळा नंबर असलेली भाड्याची स्कूटर घेऊन एक पर्यटक जोडपेही थांबले होते. त्यातल्या तरुणाने आमच्या चेतकला डोळे भरून पाहिले आणि मला विचारले, “भैया, इसका एक दिन का कितना लेते हो?”

मी हिंदीत वाक्य जुळवत होतो, तोवर मागच्या सीटवरून उत्तर गेले, “साडेतीन सौ. और वापस नहीं किया तो भी चलेगा.”