साहेब, नुसती एक सही

‘सर, उद्या स्लॅब आहे’ हे वाक्य मी आजवर कधी दिवसाउजेडी ऐकलेलं नाही. ते रात्री साडेदहानंतर येतं आणि त्याच्या मागोमाग ‘गाडी सातला सांगितलीय’ हेही येतं. म्हणजे सळई बांधून झाली, आरएमसीवाल्याला, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी पाठवणाऱ्याला, ॲडव्हान्स गेला, पंप ठरला. या वऱ्हाडात आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे सळई-काँक्रीटचा हिशेब मांडणाऱ्या मला, आमंत्रण सगळ्यात शेवटी, तेही भटजीसारखं. या, दोन मंत्र म्हणा आणि मुहूर्त चुकवू नका.

माझ्या फर्ममध्ये दोन ड्राफ्ट्समन, एक प्लॉटर आणि मी. मी म्हणजे इंजिनिअर, कारकून आणि वसुली अधिकारी. पुण्यात अशी ऑफिसं गल्लीगणिक आहेत, आणि सगळ्यांचं दुखणं एकच: आमचं काम काँक्रीटच्या आत गाडलं जातं. टाइल्स दिसतात, नळ दिसतात, आमची सळई दिसली तर उलट बोंब होते.

सातच्या गाडीसाठी सहाला वर चढायचं. आधी बाल्कनीकडे जावं, कारण घात तिथेच होतो. बाल्कनी पुढे लोंबकळते, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या अंगाला हवी. १२५ मिलिमीटरचा स्लॅब, सळईवर काँक्रीटचं २० चं कव्हर, १० ची सळई, म्हणजे खालच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंत बरोबर १०० मिलिमीटर. आता पंपाचा पाइप ओढणारा मजूर त्याच सळईवरून चालतो आणि ती ४० मिलिमीटर खाली बसते. शंभरातले चाळीस गेले, ताकदही साधारण तितकीच गेली. उपाय चिल्लर आहे: सळई उचलून धरायला मीटर-मीटरवर खुर्च्या आणि चालायला फळ्या. पण खुर्च्या मागितल्या की सुपरवायझर खालून प्लॅस्टिकची खुर्ची मागवतो, ‘बसा सर, दमला असाल.’ सळईखालच्या खुर्चीला साइटवर चेअर म्हणायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग कॉलमच्या रिंगा, उभ्या सळयांना बाहेरून कवटाळणाऱ्या. भूकंपाच्या आयएस १३९२० या मानकाप्रमाणे रिंगेच्या टोकाचा हूक १३५ अंशांत आत वळलेला हवा. फिटर तो ९० मध्येच सोडतो, कारण बांधायला सोपं. भूकंपात वरचं कव्हर उडालं की असा हूक उलगडतो आणि रिंग असून नसल्यासारखी होते. हे समजावलं की फिटर खाली बघून म्हणतो, ‘सर, भूकंप कधी येणार?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसल्यामुळे वाद तो जिंकतो आणि रिंगा मी बदलून घेतो.

तेवढ्यात गाडी येते. ६ घनमीटरच्या गाडीत घनमीटरला ३५० किलो धरलं तर २१०० किलो सिमेंट, पाणी-सिमेंटच्या ०.४५ या प्रमाणाने ९४५ लिटर पाणी. पंपवाला म्हणतो, ‘घट्ट आहे, जरा पातळ करा.’ ड्रायव्हर पाइप लावतो. जेमतेम १०० लिटर गेलं की तोच आकडा ०.५० च्या घरात जातो आणि काँक्रीटचा दर्जा एक पायरी उतरतो. खरं तर प्लांटच्या माणसाने ॲडमिक्श्चर, म्हणजे पाणी न वाढवता पातळ करणारं रसायन, घालून पातळ करायचं असतं. पण तो माणूस नेमका चहाला गेलेला असतो.

चाचणीसाठी भरायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, म्हणजे क्यूबची, मात्र काळजी नसते. १५ सेंटिमीटरचे साचे, तीन थर, थराला ३५ ठोके, सगळं पाठ. त्यासाठी सुपरवायझर एका घमेल्यात वेगळं, लाडाचं काँक्रीट कालवून ठेवतो. २८ दिवसांनी क्यूब पास होतात. स्लॅबमध्ये काय आहे, ते देव जाणे.

ऑफिसात परतलं की आर्किटेक्टचा निरोप: पार्किंगमध्ये गाडी बसत नाहीये, हा कॉलम नऊ इंच सरकवा. फूटिंग, म्हणजे त्याचा पाया? भरून झालंय. ड्रॉइंग आर-२ वरून, म्हणजे दुसऱ्या दुरुस्तीवरून, आर-७ वर जातं. साइटवर सिमेंटच्या गोडाऊनच्या दाराला आर-२ चिकटवलेलं, आर-७ सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये आणि मोबाइल चार्जिंगला. म्हणून आता नियम केलाय: जुनी प्रिंट परत आल्याशिवाय नवी द्यायची नाही. आर-३ पासून पुढच्या बदलांचे पैसे लागतील, असंही करारात लिहिलंय. ते कलम अजून तरी कुणी वाचलेलं दिसत नाही.

आता बिल. १०,००० चौरस फूट, फुटाला १० रुपये धरले तर १ लाख. पार्टी म्हणते, ‘एक लाख सगळं धरून!’ कानाला गोड लागतं, म्हणून वही काढावी. १८ टक्के जीएसटी आतच धरला तर मूळ फी ८४,७४६. त्यावर १० टक्के टीडीएस कापला की खिशात ७६,२७१. आणि हे पैसे आले तर. पक्कं बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरावा लागतो, पार्टीने दमडी दिलेली नसली तरी. म्हणजे न मिळालेल्या पैशावर खिशातून कर. म्हणून आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवायचं. आणि हप्ता ‘स्लॅब भरल्यावर’ असा कधी लिहू नये, ‘ड्रॉइंग दिल्यावर’ असा लिहावा. स्लॅब पावसाळ्यात अडकतो, लोनमध्ये अडकतो, भावाभावांच्या भांडणात अडकतो. ड्रॉइंग आपल्या हातात असतं.

लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी असली तर ४५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन कायद्यात आहे, उशीर झाला तर व्याजही आहे. तशी नोटीस पाठवता येते. पाठवली की ते पैसे येतात, पुढचं काम येत नाही.

शेवटचे दहा टक्के हा स्वतंत्र प्रकार. बांधकाम संपतं, रंग लागतो, पार्टी फोन उचलत नाही. मग एक दिवस भोगवटा पत्राच्या फाइलला माझं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट लागतं. ‘साहेब, नुसती एक सही!’ तेव्हा मीही गेल्या तीन वर्षांतली माझी एकुलती एक ताठ मान काढतो. चेक संध्याकाळी येतो, सही होते, पेढेही मिळतात.

जाताना पार्टी दारात थांबते. ‘बाल्कनीच्या वरच्या स्लॅबला झोपाळा टांगायचाय, ड्रिलने हूक मारले तर चालतील ना? तोंडीच सांगा, त्याचं बिल नको.’